ऑरेगनच्या किनाऱ्यावर, घरगुती आरव्ही पार्कमध्ये, आई-बाबांना घेऊन

प्रश्न थोडक्यात असा: सिअ‍ॅटलहून ऑगस्टअखेरीस आठवडाभरासाठी निघायचंय. पुण्याहून आई-बाबा आलेत, बरोबर दोन मुलं, २५ फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकांवरचं घर, भाड्याने घेतलीय. ऑरेगनच्या किनाऱ्यावरची स्टेट पार्क भरलीत, म्हणून एखाद्या कुटुंबाने चालवलेलं छोटं, शांत आरव्ही पार्क घ्यावं असं मनात आहे. ते निवडायचं कसं, आई-बाबांना झेपेल का, आणि आत आपला स्वयंपाक करता येतो का?

झेपेल, आणि करता येतो. स्टेट पार्क मिळालं नाही म्हणून हळहळू नका. तिथलं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातल्या साइट, म्हणजे गाडी लावून राहायच्या जागा, भराभर जातात. शिवाय २०२२ पासून ऑरेगनबाहेरच्या लोकांना आरव्हीच्या साइटसाठी २५ टक्के जादा मोजावे लागतात, म्हणजे तुम्हा वॉशिंग्टनकरांना ते तसं स्वस्तही पडलं नसतं. झाडी आणि ऐसपैस जागा मात्र स्टेट पार्कात जास्त, हे मान्य. खासगी पार्कात साइट बऱ्याचदा खेटून असतात, दोन गाड्यांमध्ये जेमतेम एक टेबल मावतं. तरीही काही पार्कांत रात्री नऊनंतर चिटपाखरू हलत नाही आणि काहींत बारापर्यंत गाणी चालतात. हा फरक मालकामुळे पडतो. कोकणात घरगुती राहायला उतरलं की घरातली माणसं कशी आहेत त्यावर सगळा मुक्काम ठरतो ना, तसंच इथे.

म्हणून वेबसाइटवर बटण दाबून मोकळं होऊ नका, फोन करा. अशी पार्क बहुतेक नवरा-बायको चालवतात, ऑफिसच्या मागेच त्यांचं घर असतं. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फोन केलात तर बोलायला निवांतपणा असतो; दुपारी दोननंतर नवी मंडळी येऊन थडकायला लागतात. संगणकाला तुम्ही फक्त एक २५ फुटी गाडी असता. फोनवर मात्र सांगता येतं, की आई-वडील सत्तरीचे आहेत, रात्री उठावं लागतं, बाथहाउस (सगळ्यांसाठीची न्हाणीघरं-संडास) जवळ हवं. त्यावर चांगली मालकीण लगेच म्हणेल, "मग अमुक नंबर घ्या." बाथहाउसच्या अगदी शेजारची साइट मात्र नको. दिवा रात्रभर डोळ्यावर येतो आणि दार आपटत राहतं. दोन-तीन साइट सोडून मिळाली तर उत्तम.

माणसं किती, हे पहिल्याच वाक्यात खरं सांगा. बऱ्याच छोट्या पार्कांचा दर दोघांचा असतो, पुढच्या प्रत्येकाचे थोडे जादा पैसे पडतात. तुम्ही सहा जण. चार सांगून सहा उतरलात तर पैशांचा प्रश्न फार मोठा नसतो, पण पहिल्याच संध्याकाळी संबंध बिघडतात, आणि तिथे सगळं संबंधांवर चालतं. रात्रीच्या दरात घासाघीस करू नका. त्याऐवजी आठवड्याचा दर काय, एवढं विचारा. पुष्कळ ठिकाणी सात रात्रींचा दर सहा रात्रींच्या आसपास बसतो. रद्द केलं तर किती पैसे परत, हेही तेव्हाच विचारून ईमेलवर लिहून घ्या.

उत्तरं ऐकताना ते तुम्हाला काय विचारतात याकडे लक्ष द्या. गाडीची लांबी, स्लाइड-आउट (उभी असताना बाहेर सरकणारा खोलीचा भाग) कुठल्या बाजूला, कुत्रा आहे का, किती वाजता पोचाल, असं सगळं विचारणारा मालक साइट बघून देतो. "या हो, बसवू कुठेतरी" म्हणणाऱ्याकडे मी जात नाही. ऑनलाइन अभिप्राय वाचताना तक्रारींवर विशेष नजर ठेवा. 'मालकीण फार कडक', 'दहा वाजता येऊन शेकोटी विझवायला लावली' असं चिडून लिहिलेलं दिसलं की ते पार्क माझ्या यादीत वर जातं! बाथरूमच्या स्वच्छतेबद्दलची तक्रार मात्र दोन वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर सोडून द्या. कायमचे राहणारे लोक आहेत म्हणून काही जण नाक मुरडतात. त्यात मला अर्थ वाटत नाही. त्यांतले बरेच जण पहाटे उठून कामावर जाणारे असतात, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त झोप हवी असते.

आता जागा. समुद्र दिसणाऱ्या पहिल्या रांगेच्या साइटसाठी जादा पैसे देऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन. ऑगस्टमध्ये न्यूपोर्टसारख्या गावात दुपारचं तापमान १८ सेल्सिअसच्या आसपास आणि रात्रीचं १० च्या. दुपारी वायव्येचा वारा उठतो, दक्षिणेला पोर्ट ऑर्फर्ड, गोल्ड बीचकडे तर तो गाडी हलवतो. आतल्या खोऱ्यात ऊन तापलं की किनाऱ्यावर धुकं ओढलं जातं, आणि कधीकधी दिवसभर हटत नाही. पुण्याहून आलेल्या माणसाला ही थंडी कळेपर्यंत सर्दी झालेली असते. समुद्रासाठी तशीही पहिली रांग लागत नाही. १९६७ च्या कायद्याने ऑरेगनची वाळू झाडझाडोरा सुरू होतो तिथपर्यंत लोकांसाठी खुली ठेवली आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांतून पाच-दहा मिनिटांत तुम्ही पाण्याजवळ जाता.

मी अशा वेळी खाडीकाठ किंवा नदीकाठ घेतो. वॉल्डपोर्टहून हायवे ३४ ने अल्सी नदीच्या कडेकडेने चार-पाच मैल आत गेलं की बऱ्याचदा गावात धुकं असतं आणि इथे ऊन. वारा पडलेला, नदीत बगळे, आणि किनाऱ्याने जाणाऱ्या मुख्य रस्त्याचा, हायवे १०१ चा, आवाज नाही. टिलामुकच्या पश्चिमेला नेटार्ट्सची खाडी आहे, तिथून १०१ जातच नाही, त्यामुळे रहदारी आपोआप कमी. नेहेलम खाडीचा परिसरही शांत आहे, पण पोर्टलंडहून जवळ असल्याने शनिवार-रविवारी भरतो. उलट फ्लॉरेन्स ते कूस बेच्या मधला चाळीसेक मैलांचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा दिसायला अप्रतिम, मुक्कामाला मात्र जपून. तिथे चारचाकी एटीव्ही वाळूवर पळवायला लोक मुद्दाम येतात, आणि त्यांची सकाळ लवकर होते. बंदराला लागून असलेल्या पार्कात समुद्रसिंहांचं भुंकणं आणि पहाटे निघणाऱ्या बोटींची इंजिनं गृहीत धरा. मुलांना त्याची मजा वाटते, बाबांना वाटेलच असं नाही. नकाशाचं उपग्रहचित्र उघडून १०१ पासूनचं अंतर आणि मधली झाडं बघून घ्या. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक पहाटेपासून धावतात आणि उतारावर इंजिनाच्या ब्रेकचा त्यांचा आवाज फार लांब येतो.

आणि शक्यतो एकाच जागी राहा, फार तर दोन. आठवड्यात चार मुक्काम ठरवणारे लोक दर दिवशी दोन-अडीच तास फक्त आवराआवर करतात. आरव्ही हलवायची म्हणजे फडताळातल्या वाटीपासून सगळं बांधायचं. तुमची गाडी म्हणजेच घर आणि वाहन दोन्ही, म्हणून शक्य असेल तर एक साधी कार कोणीतरी मागून आणा. ते जमत नसेल तर गावात चालत जाता येईल असं पार्क निवडा. हलायचंच असेल तर चार रात्री नदीकाठी, दोन उत्तरेला, एवढं पुरे.

पोचल्यावर ऑफिसमध्ये मालकीण पार्कच्या छापील नकाशावर हायलायटरने रेघ मारून साइट दाखवते. ती रेघ नीट बघा, कारण ती बहुधा उलट्या बाजूने फिरून जाते, आणि त्याला कारण असतं. जुनी पार्क आखली गेली तेव्हा गाड्या लहान होत्या. क्लास सीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो. डावीकडे वळलात की शेपूट उजवीकडे झुकतं आणि नेमका विजेचा खांब तिथे असतो. वर स्प्रूसच्या फांद्या. तुमची गाडी बारा फुटांच्या आसपास उंच आहे, हे पुणे-मुंबई रस्त्यावर गाडी चालवलेल्या आत्मविश्वासातही विसरू नका. मागे घेताना बाबांना खाली उतरवा, पण एकच नियम: ते तुम्हाला आरशात दिसले नाहीत की ब्रेक. चार जणांनी चार दिशांनी "येऊ दे, येऊ दे" करायचं नाही.

वीज जोडताना आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. भाड्याच्या क्लास सीला बहुधा ३० अँपची जोडणी असते. १२० व्होल्टला ३० अँप म्हणजे ३,६०० वॉट, सगळं मिळून. आईंना थंडी वाजते म्हणून लावलेला हीटर १,५०० वॉट, इंडक्शन शेगडी १,८०० वॉट, झाले ३,३००. त्यात कोणी चहासाठी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. गाडीत गॅसची शेगडी आहे, स्वयंपाक त्यावर करा आणि वीज हीटरला ठेवा. गाडी गरम ठेवणारी गॅसवरची भट्टीही उत्तम चालते, फक्त तिचा पंखा रात्री घरघरतो. जुन्या पार्कात विजेचा दाब कमी-जास्त होतो, म्हणून दाब फार कमी किंवा जास्त झाला की वीज तोडणारा सर्ज प्रोटेक्टर मागून घ्या. पाण्याच्या नळाला दाब कमी करणारा प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय पाइप जोडू नका. नळ आधी थोडा वेळ सोडून द्या, मग पिण्याच्या पाण्याचा वेगळा पाइप लावा. सांडपाण्याच्या पाइपजवळ तो ठेवायचा नाही, आणि हाताळायचे हातमोजेही वेगळे.

स्वयंपाकाचं आता. कुकर चालतो, मिक्सर चालतो, पोळ्याही होतात. फोडणी मात्र आधी तयारी करून. शेगडीवरच्या पंख्याचं एक झाकण गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतं आणि प्रवासात उघडू नये म्हणून ते दोन छोट्या खिट्ट्यांनी बंद केलेलं असतं. भाड्याने घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. पंखा भन्नाट आवाज करत फिरतो, धूर आतच राहतो, आणि मोहरी तडतडायच्या आत अलार्म कोकलायला लागतो. बाहेर जाऊन त्या खिट्ट्या सोडा, छताची खिडकी उघडा, मग फोडणी द्या. त्याहून सोपं म्हणजे बाहेरच्या टेबलावर एक बर्नरची गॅस शेगडी. मासे आणि खेकडे तर बाहेरच. गाडीत एकदा वास मुरला की परत करताना साफसफाईचे पैसे कापले जातात. सुकट भाजायची असेल तर ती पुण्यातच भाजून खा.

ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. आमटीचा तवंग, भाताची शितं, तूप हे सगळं ग्रे टँकमध्ये, म्हणजे सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीत, जाऊन बसतं आणि तिसऱ्या दिवशी सिंकमधून वास यायला लागतो. साधी जाळी सिंकवर ठेवली तरी अर्धं काम होतं.

संडासाबद्दल मोकळेपणाने लिहितो, कारण आई-बाबांना नेणारे सगळे हाच प्रश्न शेवटी हळूच विचारतात. पाणी वापरायची आपली सवय आरव्हीला चालते, किंबहुना चांगली. ब्लॅक टँकचं, म्हणजे संडासाच्या टाकीचं, नुकसान होतं ते पाणी कमी पडल्याने. घन पदार्थ खाली साचून वाळतात. पाणी भरपूर गेलं की टाकी लवकर भरते, एवढाच तोटा, आणि साइटला सांडपाण्याची जोडणी असेल तर तोही नाही. म्हणून वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेली 'फुल हुकअप' साइटच घ्या, नुसतं वीज-पाणी नको. एक छोटा मग ठेवा, पेडल कसं दाबायचं ते पहिल्याच दिवशी दाखवा. कागद वापरणार असाल तर पाण्यात विरघळणारा, आरव्हीसाठीचा. ओले वाइप्स अजिबात टाकायचे नाहीत, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. ब्लॅकची झडप कायम उघडी ठेवायची नाही, नाहीतर पाणी वाहून जातं आणि बाकीचं मागे राहतं. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग सोडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. सहा माणसांत हे दर दोन दिवसांनी करावं लागेल. आंघोळी बाथहाउसमध्ये करा. गाडीतलं गरम पाणी दोघांच्यानंतर संपतं. काही ठिकाणी शॉवरला आणि बहुतेक ठिकाणी कपडे धुण्याच्या यंत्राला नाणी लागतात, तेव्हा क्वार्टरची (२५ सेंटच्या नाण्यांची) एक पिशवी बरोबर असू द्या.

झोपायची व्यवस्था आधीच ठरवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर मुलं. मागचा पक्का पलंग आई-बाबांना. तुम्ही दोघं जेवणाचं टेबल पाडून. गाडीची पायरी उंच असते आणि दवाने निसरडी होते. खाली एक भक्कम प्लॅटफॉर्मसारखा स्टूल ठेवा आणि रात्री उतरताना टॉर्च. औषधं, विम्याची कागदपत्रं हाताशी असू द्या. टिलामुक, न्यूपोर्ट, फ्लॉरेन्स इथे रुग्णालयं आहेत, पण मधल्या पट्ट्यांत मोबाइलची रेंज जाते.

वागण्यातल्या दोन-तीन गोष्टी आई-बाबांना आधी समजावून सांगा, कारण त्या आपल्याकडे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. दुसऱ्याच्या साइटमधून, त्याच्या टेबलाजवळून शॉर्टकट मारायचा नाही. तिथे रिकामी हिरवळ दिसली तरी ती त्या रात्रीपुरतं त्याचं अंगण आहे. फिरायचं ते रस्त्यावरून. बोलायला हरकत नाही, उलट फिरायला निघालेले बाबा दोन दिवसांत अर्ध्या पार्कला ओळखतात. दुसरं म्हणजे भारतातले फोन. इथे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ, अगदी सोयीची वेळ. वायफाय ऑफिसजवळच धड चालतं, म्हणून आई स्पीकर लावून ऑफिसच्या बाकावर बसतात आणि मालकांच्या बेडरूमची खिडकी बरोबर वर असते. इअरफोन द्या, किंवा सकाळी सातला बोलायला सांगा. दहानंतर बाहेरचे दिवेही बंद. कुकरच्या शिट्ट्या सकाळी आठनंतर.

समुद्राबद्दल. पाणी ऑगस्टमध्येही १० ते १३ अंशांचं, पोहण्याचं नाही. मुलांना पाण्याकडे पाठ करू देऊ नका, आणि काठावर पडलेल्या ओंडक्यांवर चढू देऊ नका. मधूनच एखादी लाट नेहमीच्या रेषेच्या कितीतरी वर येते आणि टनभर वजनाचा ओंडका सहज लोळवते. निळे त्सुनामीचे फलक जागोजागी दिसतील. ते शोभेचे नाहीत. या किनाऱ्यासमोरच्या कॅस्केडिया भ्रंशावर शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० ला झाला आणि त्याच्या लाटा जपानपर्यंत पोचल्या. खाडीकाठची बरीच पार्क त्सुनामीच्या धोक्याच्या क्षेत्रात येतात. पहिल्या संध्याकाळी मालकांना विचारा, की चढावर जायची वाट कुठली, आणि आई-बाबांबरोबर ती एकदा चालून बघा. मोठा हादरा बसला तर भोंग्याची वाट न बघता पायी निघायचं, गाडी काढत बसायचं नाही. लाट पंधरा-वीस मिनिटांत येऊ शकते.

खेकड्यांसाठी वॉल्डपोर्ट आणि नेटार्ट्स दोन्हीकडे चांगली सोय आहे. बारा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, आई-बाबांनाही, जर ते जाळं ओढणार असतील. डंजनेस जातीचे फक्त नर ठेवायचे, पाठीची रुंदी किमान पावणेसहा इंच, दिवसाला माणशी बारा. मोजपट्टी बरोबर ठेवा आणि माद्या तिथेच सोडा. ऑगस्टमध्ये कवच टाकलेले बरेच मिळतात, बाजूने दाबलं की पाय दबतो. असे घेऊ नका, आत पाणीच असतं. मांस भरलेले शरदात मिळतात. बऱ्याच छोट्या पार्कांत मासे साफ करायचं टेबल आणि खेकडे उकडायचं मोठं भांडं असतं. कवचं कुठे टाकायची ते मात्र विचारा; सर्वांच्या कचरापेटीत उघडी टाकलीत तर रात्री रकून येतात आणि सकाळी मालक. घरून मालवणी मसाला न्या, टिलामुकला खोबरं चांगलं मिळेल या भरवशावर राहू नका.

तारखा हलवता येत असतील तर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेनंतर या. गर्दी ओसरते, वारा कमी होतो, धुकंही. मुलांच्या शाळेमुळे जमणार नसेल तर निदान रविवारी पोचून शनिवारी निघा, म्हणजे आठवड्याच्या मधले शांत दिवस मिळतात.

निघायच्या दिवशी चेक-आउट बहुधा अकराचं असतं, दहापर्यंत आवरायला घ्या. छताची खिडकी, बाहेरची पायरी आणि शेगडीच्या झाकणाच्या त्या खिट्ट्या या तीन गोष्टी बंद केल्यात का ते गाडीला बाहेरून एक फेरी मारून बघा. परत देताना टाक्या रिकाम्या लागतात, नाहीतर कंपनी पैसे लावते. ते काम साइटवरच उरका, म्हणजे परतीच्या वाटेवर पूर्ण भरलेली ब्लॅक टँक घेऊन डंप स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा) शोधत फिरावं लागणार नाही.